पुठ्ठ्याची कड

४ ऑक्टोबर, शनिवार

यांच्या मापांच्या वहीत मागची पुष्कळ पानं कोरी राहिली आहेत. पुढून लोकांच्या चित्रांची लांबी-रुंदी, मागून मी. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तू मनात ठेवलंस की तुझं पोट बिघडतं. त्यापेक्षा लिहून काढ." म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन काचा गुंडाळून येतात त्या वर्तमानपत्रांवर झालं, त्यामुळे बऱ्याच बातम्यांचा शेवट मला माहीत नाही.

आम्ही जुन्या वजनकाट्यांच्या कारखान्यात राहतो, फाटकाला लागून. आम्ही म्हणजे आता मी. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत संसार. कारखाना बंद पडल्यावर आठ चित्रकारांनी मिळून तो भाड्याने घेतला, त्याला बावीस वर्षं झाली. इथे मालक नाही, साहेब नाही. महिन्याला बैठक, हात वर करून निर्णय, झाडण्याची पाळी सगळ्यांना. एकाचं प्रदर्शन असलं की बाकीचे सात खिळे ठोकतात. यांनी पहिल्या वर्षापासून सगळ्यांच्या फ्रेमा केल्या. हे गेल्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून मी करते.

पुढच्या महिन्यात बाईंचं प्रदर्शन आहे. बाई एकाहत्तर वर्षांच्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या म्हणून सगळ्यांच्याच बाई. अकरा वर्षांपूर्वी त्यांची आई त्यांना ओळखेनाशी झाली. त्या वर्षी त्यांनी घरच्या गॅलरीत दोरीवर वाळणारे आईचे कपडे कागदावर काढले, छत्तीस चित्रं. काळ्या शाईच्या चार-दोन रेघा, एखादी बाही, एखादं बटण. बाकी सगळा कागद पांढरा. आता एक संग्रहालय ती छत्तीसच्या छत्तीस घ्यायचं म्हणतंय. दोघं बघायला येणार आहेत. उभ्या जन्मात बाईंचं एकही चित्र संग्रहालयात गेलेलं नाही.

काचा आतून पुसायला म्हणून सगळ्या फ्रेमा माझ्याकडे आल्या. आज तीस नंबरची उघडली. चित्राभोवती चारही बाजूंनी तपकिरी रेघ आहे. चहाच्या कपाचा डाग असतो तशी, फक्त सरळ.

पुन्हा बंद करून ठेवली.

६ ऑक्टोबर, सोमवार

एकतीस नंबर उघडली. तीच रेघ.

मुलीने कधी वाचलं तर तिला कळावं म्हणून लिहिते. चित्र आणि काच एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा असतो, त्याला चित्राच्या मापाची खिडकी कापतात. पुठ्ठा दोन जातींचा. एक कापसाचा, एक लाकडाच्या लगद्याचा. वरून दोन्ही सारखेच पांढरे. लाकडाच्या पुठ्ठ्यात आंबटपणा असतो. वर्षं गेली की खिडकीची कड पिवळी पडते आणि तो पिवळेपणा कागदात उतरतो. एकदा उतरला की जात नाही. म्हणून हे कापसाशिवाय दुसरा पुठ्ठा चित्राला लावत नसत. काम झालं की फ्रेमच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख, पुठ्ठ्याची जात आणि आपलं नाव लिहायचे. म्हणायचे, आपण मेल्यावर जो उघडेल त्याला उत्तर मिळायला हवं.

छत्तीसपैकी बावीस यांनी केल्या. मग शिडीवरून पडले, कंबरेचं हाड मोडलं. प्रदर्शन पाच दिवसांवर होतं. तेवीस ते छत्तीस मी केल्या. कापसाचा पुठ्ठा संपला होता.

पाठीवर मी 'कापूस' लिहिलं. यांचं अक्षर गिरवून, यांच्या नावाने. तेव्हा मला फ्रेम करता येते हे कुणाला माहीत नव्हतं.

आज कापसाचा नवा पुठ्ठा घेतला आणि तीस-एकतीसला खिडकी अर्धं बोट लहान कापली. चारही बाजूंनी अर्धं अर्धं बोट. रेघ खाली झाकली गेली. नव्या पुठ्ठ्यावर काच बसवली, कापडाने पुसली, लांब जाऊन पाहिलं. काही कळत नाही. उरलेल्याही अशाच करीन. कुणाचं काय जातंय?



७ ऑक्टोबर, मंगळवार

बैठक झाली. माझ्या खोलीवर यांचं नाव लावायचं ठरलं. लोखंडाची शिल्पं करतो त्याला सगळे लोहार म्हणतात, यंदाचा चिटणीस तोच. तो म्हणाला, "अक्षरं मी कापतो. एवढी मोठी कापतो की काका वरून चष्म्याशिवाय वाचतील."

"वर गेल्यावर चष्मा लागत नाही," बाई म्हणाल्या. "तिकडे सगळं फुकट दुरुस्त करून देतात."

आठही हात वर गेले. माझं मत नसतं, मी सभासद नाही, पण लोहार म्हणाला, "काकू, तुम्हीपण करा की." मी केला. करताना काखेत कळ आली. काल पुठ्ठे उचलले त्याची असेल.

९ ऑक्टोबर, गुरुवार

बाई सहज म्हणून आल्या. चहा टाकला. तीस आणि एकतीस भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाई कप हातात घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि चहा प्यायच्या थांबल्या.

"अगं, माझं पांढरं कुठं गेलं?"

मी म्हटलं, "कुठलं पांढरं?"

"बाहीच्या डावीकडे माझा तळहात बसायचा." त्यांनी काचेवर हात ठेवला. बोटं पुठ्ठ्यावर गेली. "कमी केलंस तू. का?"

मी म्हणाले, खिडकी जरा वाकडी होती, सारखी केली. बाईंनी कप टेबलावर ठेवला. बाहेर जाऊन चष्मेवालीला हाक मारली. चष्मेवाली तिशीतली, मागाहून सभासद झालेली, फोटो काढते, आणि इथल्या प्रत्येक चित्राची नोंद तिच्याकडे असते. तिने माझ्यादेखत एकतीस उघडली. पुठ्ठा उचलला. तपकिरी रेघ.

मग तिने बत्तीस उघडली, तिला मी अजून हात लावला नव्हता. तिथे रेघ उघडीच होती. तिने जुन्या पुठ्ठ्याची कड नखाने खरवडून पाहिली, मग फ्रेम उलटी केली आणि मोठ्याने वाचलं: "कापूस." खाली यांचं नाव.

"हा कापूस नाही," ती म्हणाली. "काकांनी कापूस लिहून लगदा लावलाय."

दोघी माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना वाटलं मला धक्का बसला. बाईंनी मला खुर्चीवर बसवलं. म्हणाल्या, "तू झाकायला बघत होतीस होय गं. नवऱ्याचं." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी बसून राहिले. चहा त्यांचाच होता, तो मी प्यायले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता बोलू नकोस."

"अगं, पण तुझ्या बाबांचं नाव..."

"बाबा गेले, आई. त्यांना काय फरक पडतो? तुला पडतो. तुला तिथून काढलं तर जाणार कुठे? माझ्याकडे येऊन चार दिवसांत माझे पडदे उसवायला लागतेस."

पडद्यांची टीप खरंच वाकडी होती. पण बाकीचं तिचं बरोबर आहे. मला इथेच राहायचं आहे. ही खोली सोडून मला झोप येत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

तातडीची बैठक. चष्मेवालीचं म्हणणं, यांनी एकोणीस वर्षांत निदान दोन हजार फ्रेमा केल्या. ज्यांच्या ज्यांच्याकडे आहेत त्या सगळ्यांना पत्र जायला हवं, की आमच्या फ्रेमकाराच्या कामाची खात्री देता येत नाही, फ्रेमा उघडून बघा. "आपण चित्रकारांनी चालवलेली जागा आहोत," ती म्हणाली. "लोक आपल्याकडे येतात ते दुकानांवर विश्वास नाही म्हणून. आपणच लपवलं तर मग राहिलं काय?"

तिचं खरं आहे. तिने रागाने म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिचे डोळे भरले होते. तिच्या पहिल्या प्रदर्शनाच्या फ्रेमा यांनी पुढ्यात बसवून तिच्याकडूनच करून घेतल्या होत्या.

लोहार मान खाली घालून म्हणाला, "ती नावाची अक्षरं... तूर्त थांबवतो." आणि पायाने अक्षरांची पिशवी बाकाखाली सारली. तीन अक्षरं कापून झाली होती.

एकट्या बाई म्हणाल्या, "मला पटत नाही. तो माणूस काचेत बारीक फुगा दिसला म्हणून चित्र घरून परत न्यायचा. कंबर मोडल्यावरसुद्धा काठी टेकत आला. दर वर्षी एकदा तरी. म्हणायचा, बाई, ही काच मनासारखी नाही. मला कधी फुगा दिसला नाही, पण नेऊ द्यायची मी. असा माणूस लगदा लावेल?"

"पण लावलाय ना," चष्मेवाली म्हणाली.

मी कोपऱ्यात होते. उठून बोलायचं असं मनात तीनदा आलं. तिसऱ्यांदा उठलेसुद्धा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, चहा कोणाकोणाला?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बाईंच्या सांगण्यावरून उरलेल्या सगळ्या फ्रेमा उघडल्या. चष्मेवाली फोटो काढत होती. एक ते बावीस चांगल्या, त्या यांच्या. अठ्ठावीस ते छत्तीस खराब, नऊ.

पण तेवीस ते सत्तावीस, या पाच चांगल्या निघाल्या. कापसाचा पुठ्ठा, कड पांढरी शुभ्र, कागदावर रेघेचा मागमूस नाही. त्या मीच केल्या होत्या. म्हणजे माझ्याकडे तेव्हा थोडा कापूस शिल्लक असणार आणि मी विसरले. अकरा वर्षं झाली, आठवण तरी किती भरवशाची. पाठीवर तारीख तीच जुनी, आणि 'कापूस' पाहिलं तर 'क'ची शेपटी इतकी हुबेहूब यांच्यासारखी की माझं मलाच नवल वाटलं. बाकी नवांवर एवढं जमलेलं नाही. पहिल्या पाचांना मन लावून गिरवलं असेल, मग हात दमला असेल.

चष्मेवाली म्हणाली, "या पाचांचे खिळे वेगळे आहेत, काकू."

मी म्हटलं, असतील, डबीत सगळे मिसळलेले असतात.

पाच चांगल्या निघाल्या याचा मला आनंद झाला. त्या आनंदाचीही लाज वाटली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मागे लिहिलं की कापसाचा पुठ्ठा संपला होता. ते खोटं आहे. वहीत खोटं लिहून काय मिळणार? वाचणारी मीच.

पुठ्ठा होता. मोठे ताव वाकू नयेत म्हणून मागच्या खोलीत पलंगाखाली आडवे ठेवलेले असतात. त्याच पलंगावर हे निजले होते. ताव ओढायचा तर पलंग हलणार, हाड हलणार. नुकताच डोळा लागला होता, उठवायचं जिवावर आलं. बाहेरच्या फळीवर लगद्याचा पुठ्ठा होता, तो घेतला.

(दुपारी) हेही अर्धंच आहे. हे झोपले नव्हते. बाई उशाशी बसल्या होत्या. रोज यायच्या त्या दिवसांत, चित्रांबद्दल बोलायच्या. पांढऱ्याबद्दल, रेघ कुठे थांबवावी त्याबद्दल. मी दारापर्यंत गेले ताव काढायला. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज आला. पडल्यापासून हे हसले नव्हते. माझ्यासमोर नुसते कण्हायचे. मी उंबऱ्यावरून परत फिरले आणि फळीवरचा घेतला. बाईंच्या चित्रांना हाच ठीक आहे, असं मनात म्हटलं. शब्द पक्के आठवतात.

चौदा खिडक्या कापल्या. प्रत्येक वेळी दार उघडून आत जाता आलं असतं. दोन ताव पुरले असते.

शब्दकोशात पाहिलं. 'चूक' खाली दिलंय: अनवधानाने झालेलं. मग माझं ते चूक नव्हे.

१९ ऑक्टोबर, रविवार

बाईंच्या घरी गेले सांगायला. वाटेत वाक्य पाठ करत होते. "बाई, त्या फ्रेमा मी केल्या." एवढंच. सोपं आहे, सहा शब्दसुद्धा नाहीत.

दार उघडलं तर त्यांच्या हातात भिंतीचा नकाशा. छत्तीस चौकोन आखलेले, नवांवर बारीक फुली. "बस," म्हणाल्या. "म्युझियमवाल्यांना कळवलंय. ते म्हणतात विचार करतो. मी त्यांना म्हटलं, करा, मी एकाहत्तर वर्षं तेच करतेय."

मी म्हणाले, "बाई, त्या फ्रेमा..."

"तू जिवाला लावून घेऊ नकोस. नवऱ्याच्या चुकीला बायकोने किती दिवस उत्तर द्यायचं? आमच्या आईने जन्मभर दिलं, शेवटी स्वतःचं नाव विसरली."

माझं वाक्य पुढे सरकेना. मी म्हटलं, गॅलरीतली ती दोरी आहे का अजून? त्यांनी दाखवली. आता त्यांचे स्वतःचे कपडे वाळत होते.

२२ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं.

पत्रं तयार होती, घड्या घालायच्या होत्या. आठही जण लांब टेबलाशी बसले होते, मलाही एक गठ्ठा दिला. मी पहिलं पत्र उघडून वाचलं. यांचं नाव पूर्ण लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट. सासऱ्यांनीसुद्धा फ्रेमाच केल्या. पत्र घडी न घालता खाली ठेवलं.

"त्या फ्रेमा मी केल्या," मी म्हटलं. "तेवीस ते छत्तीस. हे पडले होते. अक्षर मी गिरवलं. यांना माहीत नव्हतं."

लोहार म्हणाला, "काकू, तुम्ही काकांना वाचवायला..."

"मला एक पेन्सिल दे."

पाठकोऱ्या कागदावर यांच्या अक्षरात 'कापूस' लिहिलं आणि खाली यांचं नाव. चष्मेवालीने कागद घेतला, बत्तीस नंबरच्या पाठीशी धरला.

"पुठ्ठा संपला होता का?" तिने विचारलं.

इथे 'हो' म्हणता आलं असतं. म्हटलं, "नाही. होता."

"मग का?"

बाई समोरच बसल्या होत्या. मी म्हटलं, "घ्यायला गेले नाही."

मग चष्मेवाली म्हणाली, "चौदा म्हणालात. खराब तर नऊच आहेत."

"पाच कशा चांगल्या राहिल्या ते मला माहीत नाही. विसरले असेन."

लोहारने बाईंकडे पाहिलं. "बाई, काच बदलायला काका कुठली चित्रं न्यायचे?"

बाई उत्तर द्यायच्या आधी सगळ्यांना समजलं होतं, मीच काय ती मागे होते. "नंबर मी कुठे बघते?" बाई हळू म्हणाल्या. "वर्षाला एक. पाचेक झाली असतील. मग तो गेलाच."

मला ते पटलेलं नाही. हे माझ्यापासून काही लपवत नसत. बाजारातून बटणं आणली तरी टेबलावर मांडून दाखवायचे. कळलं असतं तर बोलले असते, चार शिव्या घातल्या असत्या. पाच वर्षं एका घरात राहून, एका ताटलीतले दाणे खाऊन, न बोलता? नाही.

पत्र नव्याने लिहायचं ठरलं. आठही हात वर. मला वर करायला कुणी सांगितलं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

नवं पत्र चष्मेवालीने लिहिलं, माझ्याकडून वाचून घेतलं. आता त्यात माझं नाव आहे. यांच्या हयातीत काही काम मी यांच्या नावाने केलं, सगळ्या फ्रेमा मी विनामोबदला उघडून दाखवीन. एका ठिकाणी तिने 'अनवधानाने' लिहिलं होतं. मी खोडायला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या भल्यासाठी लिहिलंय, काकू." मी म्हटलं, कळतं मला, खोड.

खोली सोडायला कुणी सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही.

दुपारी बाई आल्या. बसल्या नाहीत.

"घ्यायला गेले नाही म्हणजे काय? पुठ्ठा कुठं होता?"

"पलंगाखाली. तुम्ही आत होतात. दोघं हसत होतात."

"कशाला?"

"मला काय माहीत? मी बाहेर होते."

बाईंनी आठवून पाहिलं. खरोखर पाहिलं, कपाळावर दोन बोटं ठेवून. मग म्हणाल्या, "मला नाही आठवत गं. असा काही दिवस आठवत नाही."

अकरा वर्षं मी तो दिवस रोजच्या रोज बाळगला, आणि ज्यांच्यापायी बाळगला त्यांच्याकडे तो नाहीच.

"आत यायचं होतंस," त्या म्हणाल्या. "तुझं घर होतं." आणि गेल्या.

३० ऑक्टोबर, गुरुवार

लोक फ्रेमा घेऊन येऊ लागले. आज अकरा. कुणी काखेत मारून, कुणी चादरीत गुंडाळून, एक म्हातारे तर लहान मुलाला आणावं तसे छातीशी धरून. मी त्यांच्यादेखत उघडते, पुठ्ठ्याची कड दाखवते, बंद करून देते. अकराच्या अकरा कापूस. सगळीकडे यांचं खरं अक्षर. म्हातारे म्हणाले, "मग घाबरवलंत कशाला?"

एक बाई रागाने बोलून गेल्या, माझ्यावर कुणी भरवसा कसा ठेवायचा म्हणून. मी त्यांच्या काचेवरचा बोटांचा डाग पुसून दिला.

८ नोव्हेंबर, शनिवार

संग्रहालयाचं उत्तर आलं. पूर्ण मालिका असेल तरच घेतात. सत्तावीस घेत नाहीत. कागद धुणाऱ्या जाणकारालाही दाखवलं होतं. शाई पाण्याला टिकणार नाही म्हणाला, रेघ काढायला गेलं तर बाही जाईल.

बाईंनीच येऊन सांगितलं. या वेळी बसल्या. नऊ चित्रं बरोबर होती.

"माझं नवं काम यापुढे मी दुसरीकडे देईन," म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नकोस असं म्हणणार नाही. वाटू दे."

मी मान हलवली.

"पण ही नऊ तूच बसव. कापसात. खिडकी माझ्या मापाची, पांढरं माझं सगळं दिसलं पाहिजे. रेघ दिसते तर दिसू दे, झाकायची नाही. प्रदर्शन होणार आहे, छत्तीसचंच. कोणी घेवो न घेवो."

"पाठीवर काय लिहू?"

"जे असेल ते."

दारात थांबल्या. "त्याने पाच वेळा माझ्याशी खोटं बोलून चित्रं नेली. तुझ्यासाठी. तू अजून नाही म्हणतेस?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मीही त्याच्यावर रागावणार आहे. सावकाश. सध्या तूच पुरेशी आहेस."

१२ नोव्हेंबर, बुधवार

नवा पुठ्ठा या नवांना चालेना. पांढरेपणा वेगळा पडतो, भिंतीवर सत्तावीसांच्या शेजारी उपरा दिसला असता. त्याच जुन्या तावांतले हवेत. ते पलंगाखाली. हे गेल्यापासून मी तिथे केरसुणीच घालते, हात घातलेला नाही.

लोहारला बोलावलं, पलंग सरकवला. त्याने ताव बाहेर ओढून दिले आणि गेला. वरून फडक्याने पुसत एकेक बाजूला करत होते. तिसऱ्या आणि चौथ्या तावाच्या मध्ये एक कापलेला पुठ्ठा निघाला. मधोमध खिडकी, काप तिरका, कोपरे एवढे नेमके की असे फक्त यांनाच जमायचे. उलटा केला. पेन्सिलीने लिहिलं होतं: २८.

शेवटच्या वर्षी यांच्याने काठी घेऊनही फाटकापलीकडे जाववत नव्हतं.

जमिनीवर बसून राहिले. लगद्याच्या फ्रेमा यांनी कधी ओळखल्या असतील? दोन-तीन वर्षांतच असणार, कड पिवळी पडायला लागली तेव्हा. कुणी केल्या हे ओळखायला यांना पाठ उलटून बघायचीही गरज नव्हती, खिडकी कापताना माझा हात कोपऱ्यावर जरा पुढे जातो. घरी येऊन मला म्हणाले असतील, आज काय भाजी आहे. मी सांगितली असेल. मी यांना विचारलं नाही, यांनी मला विचारलं नाही, आणि यांना वाटत राहिलं असेल की मी कधीतरी आपण होऊन सांगेन. सात-आठ वर्षं हातात होती. मी सांगितलं नाही. बाईंचं नुकसान सगळ्यांना दिसलं. हे कुणाला दिसणार नाही.

अठ्ठावीस नंबरचं चित्र त्या पुठ्ठ्यात ठेवलं. बरोबर बसलं. पांढरं सगळं दिसतं, रेघही दिसते.

पाठीवर माझ्या अक्षरात लिहिलं, ते काही चांगलं नाही: "कापूस. पुठ्ठा यांनी वेळेवर कापला. बसवायला मला उशीर झाला." खाली तारीख घातली आणि माझं नाव लिहिलं.

आठ अजून व्हायच्या आहेत.